सेरापियो उठत नाही

सेरापियो इसेनिया कुणासाठीही उठत नाही, हे कुराकाओच्या बांदाबाऊ भागातल्या शेळ्यांनाही ठाऊक होतं. चर्चमध्ये शुभवर्तमान वाचायची वेळ झाली की सगळे उभे राहायचे आणि मधल्या बाकावर एक टक्कल तेवढं खाली राहायचं. नव्याने आलेल्या डच पाद्र्याला वाटलं, म्हाताऱ्याचे गुडघे गेलेत. मिस्सा संपल्यावर त्याने येऊन मायेने चौकशी केली, तर सेरापियो म्हणाला, "गुडघे ठणठणीत आहेत, फादर. मी बसलेला देवाला दिसत नसेन, तर त्याला चष्मा घ्यायला सांगा."

तरुणपणी तो शहरातल्या तेलाच्या कारखान्यात होता. साहेब फेरीवर आले की बाकीचे ताडकन उभे राहायचे आणि हा पालथ्या पिंपावर बसून बिडी ओढत राहायचा. त्यामुळे त्याला टाक्यांच्या पोटात शिरून गाळ खरवडायच्या कामावर टाकलं, आणि मग निवृत्त होईपर्यंत तिथून कुणी बाहेर काढलं नाही. याचं त्याला दुःख सोडाच, उलट मिशीला पीळ होता. "गाळ खरवडला, पण बसून खरवडला," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा.

त्याच्या हिशेबात डचांच्या या कुराकाओ बेटावर दोनच प्रकारची माणसं होती: वाकलेली, आणि वाकायची संधी शोधणारी. दुकानातल्या पोरीने एकदा आदराने त्याला 'शॉन सेरापियो' म्हटलं. आमच्याकडे वयस्कर माणसाला तसं म्हणतात, त्यात कुणी वावगं मानत नाही. पण शॉन म्हणजे मुळात मालक, गुलामांचा धनी. सेरापियोने साखरेची पुडी काउंटरवरच ठेवली. "शॉन असेल तुझा बाप," तो म्हणाला, आणि आठवडाभर बिनसाखरेची कॉफी प्यायला. पोरीला शेवटपर्यंत कळलं नाही की आपलं काय चुकलं.

ही अढी जुनी होती. त्याचा जन्म मोठ्या घराच्या जमिनीवरचा. मोठं घर म्हणजे टेकडीवरची शॉनची पिवळी कोठी. गुलामगिरी सुटली तेव्हा सेरापियोचा आजा रांगत होता. माणसं सुटली, पण जमीन शॉनचीच राहिली. तिच्यावर झोपडी ठेवायची, चार ओळी ज्वारी पेरायची, तर बोलावणं येईल त्या दिवशी शॉनच्या शेतावर फुकट राबायचं. बोलावणं म्हणजे अंगणातली घंटा. ती वाजली की बाप हातातलं काम टाकून टोपी शोधायचा, आई घाट्याचं भांडं चुलीवरून उतरवायची, आणि पोरगा सेरापियो दाराआडची कुदळ घेऊन बापाच्याही आधी अंगणात उभा असायचा.

एकदा बापाला उशीर झाला. शेळी अडली होती. तो पोचला तेव्हा बाकीचे शेतावर निघून गेले होते आणि शॉन व्हरांड्यात नाश्ता करत होता. शॉनने मान वर न करता बोटाने घंटेचा खांब दाखवला. बाप खांबापाशी जाऊन उभा राहिला, टोपी छातीशी धरून, आणि ऊन डोक्यावर आलं तरी उभाच. सेरापियो निवडुंगाच्या कुंपणाआडून बघत होता. बापाला कुणी बांधलं नव्हतं. मुकादम तिथे नव्हता. शॉन तर खाणं आटोपून आत जाऊन आडवाही झाला होता. संध्याकाळी बाप घरी येऊन म्हणाला, "शॉन भला माणूस आहे. दुसऱ्याने झोपडी मोडली असती." सेरापियोला शॉनचा राग आला तो आलाच, पण बापाची जी किळस बसली ती बाप मेल्यावरही उतरली नाही. मिसरूड फुटल्यावर तो शहरात पळाला आणि पुन्हा त्या अंगणात पाय टाकला नाही. आपले पाय कुणाच्या सांगण्यावरून सरळ होणार नाहीत, एवढं त्याने ठरवून टाकलं. बापाची ही गोष्ट मात्र त्याने कुणाला सांगितली नाही. लाज वाटत होती, आणि लाजेला तो तिरस्कार म्हणायचा.

या हट्टाचं सगळ्यात मोठं मोल त्याच्या बायकोने दिलं, तेही मेल्यावर. तिचं नाव दोमितिला, स्वभावाने गरीब. लग्नाआधी ती मोठ्या घरी इस्त्री करायला जायची. तिला मूठमाती देताना म्हातारी शॉनीण गाडीतून उतरून दफनभूमीत आली, हातात पांढरी फुलं घेऊन. लोकांनी बाजूला होत वाट दिली, पुरुषांच्या टोप्या उतरल्या. शवपेटी दोरांवर होती, खाली जायची होती. सेरापियोला वाटलं, आता आपण उभे दिसलो तर ही बाई समजणार की तिच्यासाठी उभे आहोत. दोमितिलाच्या थकलेल्या मावशीसाठी कुणीतरी स्वयंपाकघरातली खुर्ची आणून ठेवली होती. हा पठ्ठ्या गेला आणि तिच्यावर बसला, पायावर पाय टाकून. पेटी खाली गेली, माती पडली, तरी तो बसलेलाच. मावशी मुलीच्या खांद्यावर रेलून उभी होती. ती मुलगी म्हणजे लुडविना, त्याची एकुलती एक. ती तेव्हा काही बोलली नाही, नंतरही बोलली नाही. दर रविवारी त्याला सूप मात्र आणून देत राहिली.

लुडविना पुढे शाळेत मास्तरीण झाली. म्हातारी शॉनीण गेली, कोठी ओस पडली, आणि वारसाने ज्वारीचं जुनं कोठार गावाला देऊन टाकलं. लुडविना आणि आणखी चारजणींनी तिथे गुलामगिरीचं आणि मुक्तीचं छोटंसं संग्रहालय उभारायचं मनावर घेतलं. घरोघर फिरून त्यांनी जुनी जाती, घाटा घोटायचे दांडके, गवती टोप्या गोळा केल्या. सेरापियोकडे आल्या तेव्हा तो म्हणाला, "माझ्याकडे जुनं म्हणजे मीच. काचेच्या कपाटात बसवा. बसायला माझी ना नाही."

"पापा, पहिल्या जुलैला उद्घाटन आहे," लुडविना म्हणाली. "मुक्तीचा दिवस. तुम्ही या. बाकी काही नको, या फक्त."

"त्या अंगणात? मी?"

"खुर्च्या मांडणार आहोत. कुणी उठवणार नाही तुम्हाला."

तो टोपी उचलून बाहेर पडला. चिंचेखाली डॉमिनो खेळताना मात्र विषय निघालाच. समोर एल्पिदिओ बसला होता. हा लुडविनाचा धर्मपिता, त्यामुळे दोघे एकमेकांना 'कोम्पा' म्हणायचे, पण सोंगट्या आपटायचे ते एकमेकांची बोटं मोडावीत तसे. एल्पिदिओचा बाप मोठ्या घरचा मुकादम होता आणि घंटा वाजवायचं काम त्याचंच. सेरापियो ही गोष्ट कोम्पाला रोज जखमेवरच्या मिठासारखी चोळायचा.

"घंटा मीच वाजवणार आहे," एल्पिदिओ म्हणाला. "मंत्रीबाई वाजवणार होत्या, त्या येत नाहीत म्हणे. लुडविनाने मला सांगितलं."

"वा! बापाने वाजवली, आता चिरंजीव वाजवणार. खानदानी कला आहे, बुडायला नको."

"बोल, बोल. नवा शॉनपण येतोय हॉलंडहून. तू म्हणे येत नाहीस. घाबरलास का रे, कोम्पा?"

"कुणाला? त्या भाजलेल्या कोळंबीला?"

"स्वतःच्या ढुंगणाला. वेळेला दगा दिला तर?"

चिंचेखालचे सगळे हसले. सेरापियोने सोंगटी इतक्या जोरात आपटली की फळी हलली. त्याच क्षणी त्याने ठरवलं, जायचं. पहिल्या रांगेत बसायचं. शॉनचा नातू समोर आला की अख्खं गाव फटाफट उभं राहील आणि आपण त्याच्याच अंगणात, त्याच्याच डोळ्यांसमोर, पायावर पाय टाकून बसून राहायचं. सगळ्या आयुष्याचं उद्यापन व्हायला याहून बरी जागा कुठली?

पहिल्या जुलैला तो लग्नातला कोट आणि नवी गवती टोपी घालून टेकडी चढला. लुडविनाने त्याला दारातच हाताला धरलं आणि आधी कोठार दाखवायला नेलं. आत नव्या चुन्याचा वास होता आणि पंखा फिरत होता. गिरणीच्या जात्याशेजारी एक बाई उभी होती, डोक्याला रुमाल, हातात दांडकं. ती शहरातल्या कपड्यांच्या दुकानातली बाहुली होती. तिला तपकिरी रंग दिला होता, पण कोपराला पोपडा उडून खालची गुलाबी दिसत होती, आणि डोळे निळेच राहिले होते.

सेरापियो तिच्यासमोर थांबला. "ही कोण?"

"गुलाम स्त्री, पापा. घाटा घोटतेय."

"निळ्या डोळ्यांची? मग हिचा बाप कोण ते सांगायला नको. हे मात्र खरं दाखवलंत."

दोन शिक्षिका हसू दाबत बाहेर गेल्या. लुडविनाने ओठ आवळले आणि त्याला पुढे नेलं. काचेखाली एक बेडी होती, काळी, जाडजूड, मखमलीवर ठेवलेली.

"ही कुठे सापडली?"

"सापडली नाही. वेल्डरकडून करून घेतली, चित्र बघून."

"म्हणजे आता बेडीसुद्धा मापाने शिवून मिळते." त्याने काचेवर बोट टेकवलं. "लोखंड दाखवलं की परदेशी पाहुण्यांचं काम सोपं होतं. तेवढं लोखंड काढलं की माणूस सुटला, असं समजून ते जेवायला जातात. माझ्या बापाला कधी लोखंड लागलं नाही. त्याला नुसत्या बोटाने उभं करता यायचं, आणि मग तो हलायचा नाही."

लुडविना वळली. "आजोबांना? कधी?"

"सोड. सांगण्यासारखा माणूस नव्हता तो."

"तुम्ही मला हे कधीच सांगितलं नाहीत."

"भिकार गोष्ट आहे. काचेखाली ठेवायच्या लायकीची नाही," असं म्हणून तो बाहेर पडला.

अंगणात मांडव घातला होता, पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. मध्यभागी तोच खांब आणि तीच घंटा, पितळ घासून चकचकीत केलेली. सेरापियोने खांबाकडे न बघता पहिल्या रांगेतली मधली खुर्ची धरली. मागे गावातली म्हातारी माणसं बसली होती. त्यांच्याही मागे जहाजावरून आलेले प्रवासी, गळ्यात कॅमेरे आणि नाकावर मलम. बायका तळलेले वडे वाटत होत्या.

गाडी आली. मोठ्या घराचा वारस उतरला, लालबुंद नाकाचा, सुरकुतलेल्या सदऱ्यातला, चाळिशीचा गृहस्थ. त्याला पाहताच अंगण सळसळलं आणि म्हातारी मंडळी उठली. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. काहीजण तर उठता उठता वडा गिळत होते. सेरापियो बसला होता. त्याने पायावर पाय टाकला आणि वरचा पाय हलवायला लागला. नवा शॉन रांगेतून हात मिळवत येत होता. सेरापियोपुढे आल्यावर त्याला वाकावं लागलं. कंबरेतून चांगलंच वाकावं लागलं.

"तुम्हाला भेटून आनंद झाला," तो मोडक्यातोडक्या आमच्या बोलीत म्हणाला.

"झालाच पाहिजे," सेरापियो म्हणाला, आणि त्याचा हात बसल्या बसल्या हलवला.

हे सुख त्याला अंगभर चढलं. त्याने मान वळवून मागे पाहिलं, सगळ्यांनी बघितलं ना याची खात्री करायला. ते वाकलेले खांदे, ते उतरवलेल्या टोप्या धरलेले हात. या लोकांना मुक्ती कशाला दिली, असं त्याच्या मनात आलं. यांना एखादी गाय दिली असती तर तिचा तरी उपयोग झाला असता. बापाच्या त्या सकाळचा हिशेब आज चुकता झाला, असं त्याला वाटलं, आणि वडा खायची इच्छाही झाली.

सगळे पुन्हा बसल्यावर लुडविनाने माइकवर दोन शब्द बोलून कोम्पा एल्पिदिओला बोलावलं. एल्पिदिओ खांबापाशी गेला, दोर हातात घेतला, आणि क्षणभर थांबला, कारण त्यालाही आपला बाप आठवला असावा. मग त्याने बापाच्याच पद्धतीने घंटा वाजवली. आधी दोन लांब ठोके. मग श्वास घ्यायला थांबल्यासारखी फट. मग भराभर, ओरडून बोलावल्यासारखे. असं त्या मुकादमाशिवाय कुणी वाजवत नसे.

सेरापियो उभा होता.

आपण कधी उठलो हे त्याला कळलं नाही. कळलं तेव्हा टोपी डोक्यावर नव्हती, डाव्या हातात होती, छातीशी घट्ट धरलेली. उजवा हात बाजूला काहीतरी चाचपत होता, आणि ती दाराआडची कुदळ होती हे त्याला सगळ्यात शेवटी कळलं. मागेही खुर्च्या सरकल्या होत्या. म्हातारी माणसं उभी होती, हातातले वडे तसेच, डोळे खाली. एक म्हातारी तर चालायलाही लागली होती. तिच्या सुनेने तिला धरून थांबवलं. प्रवाशांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि फोटो काढले.

दोर एल्पिदिओच्या हातातून सुटला. इतकी वर्षं ज्या क्षणाची तो वाट बघत होता तो आला होता, पण तो हसला नाही.

नव्या शॉनला काय झालं ते कळलं नव्हतं. त्याने घाबरून दोन्ही हात खाली-वर केले. "बसा, बसा ना," तो म्हणाला. "कृपा करून बसा."

आणि म्हातारी माणसं बसली. सेरापियोला बसता येईना. आता बसायचं म्हणजे शॉनने सांगितलं म्हणून बसायचं. जन्मभर ज्याच्यासाठी उठला नाही, त्याच्या हुकमावरून बसणार? निघून जावं, तर लोक म्हणणार, घंटा वाजली आणि सेरापियो कामाला निघाला. तो तसाच उभा राहिला. भाषणं सुरू झाली. मागून एक प्रवासी काहीतरी पुटपुटला, मग एका बाईने हाक मारली, "अहो आजोबा, दिसत नाही आम्हाला!" मांडवाची सावली सरकली आणि ऊन त्याच्या टकलावर आलं. टोपी हातात होती, ती डोक्यावर घालायचंही त्याला सुचलं नाही. समोर खांब होता. त्याला कुणी बांधलं नव्हतं. त्याला बापाची आठवण येत होती. त्या माणसाला बहुधा बसताही येत नव्हतं आणि जाताही येत नव्हतं, एवढं साधं गणित आपण जन्मभर चुकवलं, याचा त्याला भयंकर राग आला. राग काढायला मात्र या वेळी समोर दुसरं कुणी नव्हतं.

भाषणं संपली, शॉन गेला, लोक शेळीच्या रश्श्याकडे वळले. अंगण रिकामं झाल्यावर लुडविना आली. तिने त्याच्याजवळची खुर्ची पुढे ओढली, पण बसा म्हणाली नाही.

"आईसाठी उठला नव्हतात, पापा," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. शाळेत पोरांना तारीख सांगावी तसा होता. "घंटेसाठी उठलात."

त्याला नेहमीचं काहीतरी तिखट सापडायला हवं होतं. तो म्हणाला, "बापाची ती गोष्ट... लिहून घे कधीतरी. त्या वेल्डरच्या बेडीखाली लाव."

"तुम्हीच सांगा. मी लिहीन."

"सांगेन." एवढं बोलून तो टेकडी उतरायला लागला.

दफनभूमी खालच्या वळणावर होती. वारा नेहमीसारखा समुद्राकडून येत होता आणि दोमितिलाच्या क्रुसावरचा रंग उन्हाने पार विटला होता. सेरापियो तिच्यासमोर उभा राहिला. टोपी काढायची राहिली नव्हती, ती अजून हातातच होती. थोड्या वेळाने मागे धाप लागलेला एल्पिदिओ आला. त्याने मांडवातली एक प्लास्टिकची खुर्ची डोक्यावर धरून आणली होती.

"पाय बघ कसे लटपटतायत तुझे. बस, कोम्पा."

"ने ती परत, घंटेवाल्या," सेरापियो म्हणाला.

एल्पिदिओने खुर्ची तिथेच ठेवली आणि स्वतः दूर जाऊन भिंतीवर टेकला. सेरापियोने खुर्चीकडे पाहिलं नाही. तो बायकोशी पूर्वी भांडण संपवताना ज्या स्वरात बोलायचा, तशाच चिडक्या स्वरात क्रुसाकडे बघून बोलला.

"हसू नकोस. उभा आहे. या वेळी कुणी घंटा वाजवलेली नाही."